सगळ्यांचे डोळे एका घासावर

१९८३ साल. त्या वर्षी थंडी लांबली होती, नळाचं पाणी बोटांना चावत होतं, आणि खाटकाच्या घरात कित्येक महिने कुणी धड जेवलं नव्हतं. स्वयंपाक व्हायचा, वाढला जायचा, संपायचाही. पण जेवताना कुणाचं लक्ष आपल्या ताटात नसायचं. ते असायचं म्हाताऱ्याच्या गळ्याकडे.

खाटीक म्हणजे घरातले सासरे. उभं आयुष्य त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात काढलं. पांढरा एप्रन, कानामागे पेन्सिल, आणि आवाज असा की समोरच्या न्हाव्याने वस्तरा जरा जपूनच धरावा. एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते तिथेच बसले. अर्धांगवायूने उजवी बाजू नेली आणि बोलणंही नेलं. दुकान विकावं लागलं. नव्या मालकाला मांस कापायचा जुना लाकडी ठोकळा नको होता, म्हणून तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ठाण मांडून बसला. कमरेइतका उंच, मध्ये घासून खोलगट झालेला, दोघातिघांच्या रेट्याने न हलणारा. सून त्यावर पाव कापायची आणि येता-जाता कडेला कंबर आपटून घ्यायची.

बोलणं गेलं तरी म्हाताऱ्याचं समजणं सगळं जागच्या जागी होतं. डाव्या हातात कायम एक जाड चमचा असायचा. टेबलावर एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. एवढ्या दोन शब्दांत माणूस किती भांडू शकतो ते त्या घराने पाहिलं होतं.

तिसरी खूण नंतर ठरली. सून घरी एकटी असताना सुपात भिजवलेला पावाचा तुकडा त्यांच्या घशात अडकला. ना खोकला, ना आवाज. ओठ निळे पडत गेले आणि ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. तिने पाठीवर किती धपाटे घातले, कुठे घातले, तिचं तिलाच कळलं नाही. तुकडा आपला आपण सुटला. त्यानंतर दवाखान्यातली नर्सबाई घरी आली. खुर्चीच्या मागून हात कसे घालायचे, बेंबीच्या जरा वर मूठ कशी धरायची, आत आणि वर झटका कसा द्यायचा, हे तिने सुनेकडून घोटून घेतलं. सून खुर्चीला उशी बांधून सराव करायची.

"आज आणखी एका उशीचे प्राण वाचले म्हणायचे," नवरा म्हणायचा.

"हसा तुम्ही. तुम्ही नव्हता तेव्हा घरात."

आणि म्हाताऱ्यासाठी नर्सबाईने खूण नेमून दिली. घशात काही अडकलं की चमचा न थांबता बडवत राहायचा. तो आवाज आला की घरातल्या प्रत्येकाने हातातलं टाकून त्यांच्याकडे धावायचं. अगदी अंघोळ करत असलात तरी, असं तिने नवऱ्याकडे बघून बजावलं होतं.

तेव्हापासून सगळं जेवण लगद्याचं. भाज्यांचा लगदा, बटाट्याचा लगदा, गाळलेलं सूप. म्हातारा आधी खायचा, मग अर्धं खायचा, मग चमचा उलटा करून ठेवायला लागला. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली. सुनेने विनवण्या केल्या, रागावून पाहिलं. शेवटी एकदा तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?"

म्हाताऱ्याने चमचा उचलून भिंतीवरच्या बिडाच्या जड पॅनकडे रोखला.

तिला कळलं, पण कळलं नाही असं दाखवावंसं वाटलं. "स्टेक?" ती हळूच म्हणाली.

एक ठोका.

"डॉक्टर नाही म्हणालेत ना."

दोन ठोके, असे की कपातला चहा बशीत आला.

"वाढदिवसाला करते," ती म्हणाली. तोवर विसरतील, असा तिचा हिशेब. पण ते कसले विसरतात! रोज सकाळी चमचा कॅलेंडरकडे.

नर्सबाईला विचारलं तर तिने दोन-तीन वेळा पाणी पाजून बघितलं, गळ्यावर बोट ठेवून गिळणं तपासलं, आणि म्हणाली, "आधीपेक्षा बरंच सुधारलंय. अगदी बारीक कापून, ताठ बसवून, एका वेळी एकच घास. आणि तुम्ही बाजूला. पण मी हो म्हटलं असं डॉक्टरांना सांगू नका बाई."

या 'पण'ने सुनेची झोप उडवली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मांसातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने स्टेक जाळून त्याचं चामडं केलं. नवरा हसला, नणंद हसली. सासरे उठले आणि तिच्या शेजारी शेगडीशी उभे राहिले. "पोरी, डोळ्यांनी नाही, कानांनी करायचं," ते म्हणाले. "पॅनचं ऐक. आधी रागावतं, मग कुरकुरतं, मग गप्प व्हायला लागतं. गप्प व्हायच्या आत उलटायचं." त्यांनी तिला जितकं शिकवलं, तितकं पोटच्या मुलांना शिकवलं नव्हतं. आणि आता तिला एकच भीती होती. ज्या हातांना त्यांनी हे शिकवलं, त्याच हातचा घास त्यांचा जीव घेईल.

वाढदिवस रविवारी आला. नणंद दुपारीच येऊन धडकली. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, आणि जगातल्या प्रत्येक माणसाने चुकीचं तिकीट लावलंय असा चेहरा घेऊन वावरायची. मायाळू होती, पण ती माया बोलण्यात कधी सापडायची नाही.

"म्हणजे करतेसच तू?" कोट काढायच्या आत तिने विचारलं.

"त्यांनी मागितलंय, ताई."

"लहान मूल विस्तव मागतं, म्हणून देतो का आपण?"

खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने दोन ठोके दिले.

"तुम्ही गप्प बसा, बाबा," नणंद म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचे डोळे भरून आले. ती सुनेजवळ येऊन खालच्या आवाजात बोलली, "हे बघ, मी भांडत नाही. पण काही बरंवाईट झालं ना, तर मी तुला माफ करीन की नाही, मला खरंच माहीत नाही."

"मी तरी कुठे करणार आहे स्वतःला?" सून म्हणाली आणि गाजरं सोलायला लागली.

गाजरं, बटाटे, कांदे, बीट, लाल भोपळ्याच्या फोडी. तेल, मीठ, मिरी आणि न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या. सगळं ट्रेमध्ये पसरून तिने ओव्हनमध्ये सरकवलं. एरवी भाज्यांच्या कडा काळपट होऊन गोड लागेपर्यंत ती थांबायची. आज वेगळी वाटी करून त्यात बाबांच्या भाज्या मऊ ठेवल्या. बीट सोलताना हात लालभडक झाले. तिने ते नळाखाली दोनदा धुतले. ते काही तिला बघवेनात.

मांस सकाळीच फ्रीजबाहेर काढून ठेवलं होतं. स्वच्छ फडक्याने टिपून तिने ते म्हाताऱ्यासमोर नेलं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्यावर दाबला, कडेच्या चरबीवरून बोट फिरवलं. कित्येक महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर न दिसलेलं काहीतरी तिथे आलं. गिऱ्हाइकाशी बोलताना यायचं ते. एक ठोका.

तेवढ्यात नवरा आला. तो बस चालवायचा. टर्मिनसवर गाडी वळवायच्या आधी उभ्याउभ्या डबा संपवायचा, हे त्याचं रोजचं जेवण. भरीव अंगाचा, स्टिअरिंगला पोट टेकणारा. लहानपणापासून चावणं त्याला ठाऊक नव्हतं. बापाने त्याचं नावच गिळ्या ठेवलं होतं.

"काय गिळ्या," नणंद म्हणाली, "आलास वेळेवर?"

"वासाला आलो. तीन स्टॉप आधीपासून येत होता." त्याने बापाच्या टकलावर हात फिरवला. "काय बाबा, आज सुटका म्हणे लगद्यातून!"

हसत होता, पण कोट अडकवताना खुंटी चुकली आणि कोट खाली पडला. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही. हेही घाबरलेत, तिला वाटलं. त्याने तिची भीती उलट वाढली. घरात एकाला तरी भीती वाटू नये, म्हणजे बाकीच्यांना टेकायला जागा राहते.

पॅन तापलं. हलकासा धूर निघाला. आधी चरबीची कड खाली धरली, मग मांस आडवं टाकलं. पॅन रागावलं. खिडकीच्या काचा धुरकटल्या. खुर्चीत म्हाताऱ्याने डोळे मिटून कान तिकडे केला होता. ती ऐकू लागली, पण तिच्या स्वतःच्या छातीचे ठोकेच इतके मोठे होते की पॅनचं काही ऐकू येईना. कुरकुर कधी सुरू झाली? संपत आली की काय?

मागून एक ठोका आला.

तिने उलटलं. रंग अगदी हवा तसा होता.

मग मांस विसाव्याला ठेवलं, वर भांडं उपडं घातलं. ट्रे बाहेर आला, कांद्यांच्या कडा करपून गोड झाल्या होत्या. टेबल मांडलं. बाबा खिडकीशी ताठ बसवलेले, पाठीला दोन उशा. सून त्यांच्या डाव्या हाताशी, नणंद उजवीकडे. समोर नवरा, त्याच्या पाठीमागे तो ठोकळा. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

बाबांचा वाटा तिने त्या ठोकळ्यावरच कापला. मांसाच्या धाग्यांना आडवा, कागदासारखा पातळ, मग पुन्हा आडवा, मग आणखी एकदा. बाकीच्यांचे तिने नुसते जाड तुकडे केले. जो तो आपला कापून घेईल. तिचं सगळं लक्ष एका ताटात होतं.

"मी म्हणते, लगदा तयार ठेव बाजूला," नणंद म्हणाली.

दोन ठोके.

"बरं बाई! मला काय!"

म्हाताऱ्याने पहिला घास घेतला.

टेबल थिजलं. नणंदेने रुमाल मुठीत गोळा केला. नवरा काटा हवेत धरून बसला. सून खुर्चीच्या टोकावर, अर्धी उठलेली, हात तयार. म्हातारा चावत होता. चावत होता, चावत होता. इतका वेळ की नणंदेने पुटपुटायला सुरुवात केली. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, आणि खाली आली.

काही झालं नाही.

मग त्यांनी डोळे उघडले. एक डोळा नीट उघडत नसे, पण दोन्हीत पाणी होतं. चमचा उचलला आणि अगदी हळू, जपून, एक ठोका दिला.

"आई गं," नणंद म्हणाली आणि रुमालात तोंड खुपसून रडायला लागली.

"अगं रडतेस काय, वाढदिवस आहे," नवरा म्हणाला. त्याचा आवाजही जाग्यावर नव्हता. "जेवा आता. थंड होतंय."

बाकीच्यांनी खायला सुरुवात केली, म्हणजे तोंडात घालायला सुरुवात केली. दुसऱ्या घासाला पुन्हा सगळ्यांचे डोळे तिकडे. तिसऱ्याला पुन्हा. नवरा बापाच्या गळ्याकडे बघत एक तुकडा कापत होता, म्हणजे कापतोय असं त्याला वाटत होतं. तो तुकडा त्याने तसाच तोंडात टाकला. बाबांची घाटी वर जाताना तोही श्वास रोखून होता. ती खाली आली तसा त्याने सुटकेचा दम घेतला, जोरात, आत.

त्या टेबलावर एकच माणूस बाबांच्या गळ्याकडे बघत नव्हता. ते स्वतः बाबा. ते समोर बघत होते.

चमचा खडखडायला लागला.

एक नाही, दोन नाही. ठक ठक ठक ठक, थांबतच नाही असा. काचेचा पेला कलंडला.

सून ताडकन उठली. ज्याची भीती घेऊन ती महिनोन्महिने झोपली होती, ते आलं होतं. मागे जाऊन तिने हात घातले, मूठ धरली. "ताई, उशा काढा!" नणंद उशा काढायच्या ऐवजी बापाच्या पाठीत धपाटे घालत सुटली. "बाबा! बाबा! सांगितलं होतं मी! सांगितलं होतं!"

चमचा थांबेना. सुनेने पहिला झटका दिला. म्हातारा विव्हळला.

आवाज आला होता. घसा बंद असलेल्या माणसाला विव्हळता येत नाही, हे नर्सबाईने सांगितलं होतं. ते सुनेच्या कानांना आठवलं, डोक्याला नाही. तिने वाकून त्यांचा चेहरा बघितला. निळा नव्हता. लाल होता, संतापाने लाल. ते तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी डावा हात झटकून सोडवला आणि चमचा सगळा जोर लावून समोर फेकला.

चमचा नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर आपटला.

नवरा टेबलापासून दूर, ठोकळ्यापाशी उभा होता. जाताना पाठ फिरवून गेला असावा, चारचौघांत ठसका लागला की माणूस जातो तसा. दोन्ही हात गळ्याशी. तोंड उघडं, आणि त्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. ओठांचा रंग ओळखीचा होता.

"अहो!"

ती कशी पोहोचली ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. मागून हात घातले, आणि हात पुरेनात. तिने सराव केला होता उशीवर, आणि उशी होती वाळलेल्या म्हाताऱ्याच्या मापाची. या पोटाभोवती तिची बोटं बोटांना भेटत नव्हती. तिने ओढून पाहिलं, बोटं निसटली. तो गुडघ्यांत वाकायला लागला. हे पडले तर मला उचलता येणार नाही, एवढं एकच तिच्या मनात आलं.

ठोकळा समोर होता. रोज तिच्या कमरेला लागणारी त्याची कड.

"ताई, ढकला यांना! ठोकळ्यावर! पोटावर!"

नणंद, जी आयुष्यात कुणाचं ऐकायची नाही, तिने ऐकलं. दोघींनी त्याला ठोकळ्याच्या कडेवर पालथा लोटला आणि सुनेने पाठीवर सगळं अंग झोकून दिलं. एकदा. काही नाही. पुन्हा. ठोकळा तसूभरही हलला नाही, म्हणूनच बसलेला झटका त्याच्या पोटात पुरता गेला. तिसऱ्यांदा त्याच्या घशातून खरवडल्यासारखा आवाज आला आणि तो तुकडा ठोकळ्याच्या खोलगट भागात येऊन पडला. चांगला अंगठ्याएवढा, जराही न चावलेला.

मग त्याने श्वास घेतला. इतका कर्कश श्वास त्या घरात कुणी ऐकला नव्हता, आणि त्याहून सुंदरही काही ऐकलं नव्हतं.

तिघंही फरशीवर बसली. नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सून त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून होती, सोडायचं कसं ते विसरल्यासारखी.

"मेल्या गिळ्या," नणंद शेवटी म्हणाली आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग तोच दंड तिने दोन्ही हातांनी कवटाळला.

टेबलाकडून आवाज आला. तिघांनी दचकून मान वळवली. चमचा नव्हता म्हणून म्हाताऱ्याने बोटांच्या पेरांनी लाकडावर वाजवलं होतं. आता ते डाव्या हाताने आपल्या ताटाकडे बोट दाखवत होते. मग काट्याकडे. जेवण अर्धंच झालं होतं, आणि ते थंड होत होतं.

सून उठली. त्यांच्याजवळ बसून तिने पुढचा घास काट्यावर घेऊन दिला. त्यांनी तो नीट चावला आणि गिळला. मग मुलाच्या ताटातल्या जाड तुकड्यांकडे बघून पेरांनी दोन ठोके दिले.

ती ते ताट उचलून ठोकळ्यावर घेऊन गेली आणि सगळं मांस बारीक कापून आणलं. धाग्यांना आडवं. नवऱ्याने एकेक घास चावून ते खाल्लं.

डॉक्टरांना त्या जेवणाचं कुणी सांगितलं नाही. नर्सबाईला सांगितलं तेव्हा ती खाली बसली, पाणी मागितलं, आणि मग हसू की रडू अशी तिची अवस्था झाली. त्या दिवसापासून ती नातेवाइकांना शिकवताना घरातल्या सगळ्यात जाड माणसावर सराव करून घ्यायची.

म्हातारा पुढेही काही वर्षं जगला. दर वाढदिवसाला त्यांना स्टेक मिळाला, आणि कधी ठसकासुद्धा लागला नाही. एका दुपारी खिडकीशी उन्हात बसल्या बसल्या ते गेले. चमचा मांडीवर होता. त्याचं टोक खुर्चीवर आपटून वाकलं होतं, पण दुसरा चमचा त्यांनी कधी घेतला नाही.

नणंद टपाल कचेरीतून निवृत्त होईपर्यंत खिडकीवर तशाच चेहऱ्याने बसली. एकदा रांगेतल्या एका माणसाच्या घशात खोकल्याची गोळी अडकली तेव्हा तिने काउंटरचं दार उघडून त्याला टेबलाच्या कडेवर लोटलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. त्यातही ती रागावलेलीच दिसते.

नवऱ्याने पुढे कित्येक वर्षं बस चालवली. टर्मिनसवर तो बसून जेवायला लागला, त्यामुळे गाडी उशिरा सुटायची आणि वरिष्ठांची बोलणी खायला लागायची. ती मात्र तो अजिबात न चावता गिळायचा, असं तो म्हणे. म्हातारपणी टेबलावरून सगळ्यात शेवटी तोच उठायचा. छातीच्या दुखण्याने गेला, दवाखान्यात, बायकोचा हात हातात असताना.

सून अजून आहे. नंतर झालेल्या लेकीकडे राहते. ठोकळा तिच्याबरोबर आला. उचलायला चार हमाल लागले, आणि तो आत घ्यायला जावयाला दार काढावं लागलं. अजूनही पाहुणे जेवायला आले की ती आधी बसत नाही. सगळे बसले की जिथून प्रत्येकाचा गळा दिसेल अशी खुर्ची शोधते. नातवंडं तिची नक्कल करतात, "चाव, चाव, आजी बघतेय!" म्हणून मोठमोठ्याने दात वाजवतात. ती हसते. पण तिची नजर एका ताटावर कधी थांबत नाही. ती टेबलभर फिरत राहते, आणि पहिला घास तिच्या तोंडात जातो तेव्हा बाकीच्यांचं जेवण अर्धं झालेलं असतं.